गजकवाल्याचा काटा

रात्री साडेनऊला शिवहरेजी शटर अर्धं ओढतात,
काट्याच्या ताटलीवरचे तीळ फडक्याने पुसतात
आणि जिन्याकडे तोंड करून म्हणतात, "लाओ बिटिया को."

दौलतगंजात आम्ही वर, त्यांचं दुकान खाली.
थंडीभर आमच्या जिन्याला
भाजलेल्या तिळाचा, गुळाच्या पाकाचा वास.
त्या वासातून मी तिला उतरवते, शालीवर दुलई,
आणि फळीपाशी एकेक काढत जाते:
टोपडं, मोजे, झबलं, लंगोट.
ग्वाल्हेरचं डिसेंबर. उघडी पडली की किंचाळते.
"आधी शून्यावर आणा," नचिकेत म्हणतो.
तो एजी ऑफिसात ऑडिटला. त्याने वही घातली आहे.

जन्म: दोन किलो एकशे ऐंशी.
सहावा दिवस: एक नऊशे दहा.
सत्ताविसावा: दोन एकशे ऐंशी.
सत्तावीस दिवस चालून
आम्ही निघालो होतो तिथे पोचलो.

मधले नऊ दिवस कमलाराजात, निळ्या दिव्याखाली,
डोळ्यांवर पट्टी, नाकात नळी,
मनगटावर चिकटपट्टी: बेबी ऑफ मंजिरी.
बारसं राहूनच गेलं.
मी टाके सांभाळत, भिंत धरत जायचे,
वाटीत दूध पिळायचे. पहिल्या दिवशी
वाटीचा तळसुद्धा झाकला नाही.
सिस्टरने तेवढंही सिरिंजमध्ये ओढून घेतलं,
कडेचा थेंब बोटाने आत ढकलला.

मग छातीशी दिली, तर तिला ओढताच येईना.
चार घोट, झोप.
तळव्याला टिचकी, कानाची पाळी चोळ,
चार घोट, झोप.

सासूबाई हळिवाची खीर देतात, शतावरी देतात,
काही विचारत नाहीत. वाटी घेताना माझ्याकडे बघतात फक्त.
छावणीतल्या आत्या मात्र विचारतात:
"अंगावर पाजतेस ना?
मग हिच्या अंगावर काहीच कसं नाही?"

डॉक्टर म्हणाले, हळू आहे, पण चढते आहे.
लंगोट किती भिजतात? सहा-सात? मग झालं तर.
काटा पंधरवड्यातून एकदा पुरे.
मी हो म्हटलं. आणि रोज रात्री उतरत राहिले.

एकदा पंधरा ग्रॅम वाढली. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले.
दुसऱ्या रात्री वीस उतरली.
मी तिथेच बसले, गजकच्या रिकाम्या डब्यांत, आणि रडले.
शिवहरेजींनी भिजलेली दुलई दाखवली:
"अभी-अभी तो किया है इसने, बहूजी.
वो भी तो तुलता."

तिसऱ्या रात्री म्हणाले, काँटा खराब है.
संक्रांत के बाद आना.
काट्याचा हिरवा दिवा
मला स्पष्ट पेटलेला दिसत होता.
त्यांनाही दिसलं असावं की मला दिसतो आहे.
ते खाली बघून सुतळीची गाठ सोडवत राहिले.

मग आकड्याविना रात्री.
अंधारात कान देऊन बसायचे:
ओढते, ओढते, ओढते, आणि मग तो बारीक
'कह्' असा घशातला आवाज. गिळलं.
मी मोजायचे. मोजता मोजता
कधीतरी मलाच डुलकी लागायची, आणि जाग यायची
तर ती अजून पीत असायची.
झबल्याचा बंद एका बोटाने सैल करावा लागला.
हे वहीत कुठे लिहायचं, नचिकेतला कळेना.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, आई म्हणायची.
या वर्षी धुकं इतकं, की दिवस
उगवला का तेच आधी ठरवावं लागे.

सोळा तारखेला काटा दुरुस्त झाला होता.
दोन चारशे सत्तर.
फार नाही. आत्यांना सांगण्यासारखं तर नाहीच.
शिवहरेजींनी कागदात गजकचे दोन तुकडे बांधून दिले,
पैसे घेतले. पूर्ण घेतले.

वर येऊन लंगोट बांधताना दिसलं,
डाव्या मांडीला वळी पडली आहे,
म्हणता येईल न येईल अशी,
आणि वळीत अडकून
एक तीळ आमच्याबरोबर वर आला आहे.